आपल्या खाडीचा अलिखित कायदा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा त्यांनी विषयही सुचवला होता : शाळेचा इतिहास. तो माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी तीस वर्षे इतिहास शिकवला, पण आपल्या शाळेच्या मागच्या अंगाला जी खाडी आहे तिचा इतिहास मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडला नाही. म्हणून तोच लिहायला घेतला आहे. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते तिथला हा चिखल, ही रेती आणि ही खडपं. त्यात पिढ्यान् पिढ्या वाकून तिसऱ्या, मुळे, कालवं गोळा करणाऱ्या बायका, आणि त्या बायकांनी कुणालाही न विचारता चालवलेला एक कायदा.

आधी शब्दांचा घोळ सांगतो. इंग्रजीत एका शब्दात मोकळं होता येतं. आपल्याकडे तसं नाही. रेतीत रुतलेली, गुळगुळीत पाठीची ती तिसरी. तिलाच उत्तरेकडे शिवली म्हणतात. मालवणकडे गेलात की ताटात मुळे येतात, आणि ते तिसऱ्यांपेक्षा वेगळे आहेत हे मालवणी माणूस तुम्हाला शपथेवर सांगतो. खडपाला चिकटलेलं ते कालव. हिरव्या पाठीची, दोरासारख्या तंतूंनी दगडाला धरून बसणारी ती आपल्याकडे काकई, गोव्याकडे शिणाणी. रायगडातली चिंबोरी आपल्या हद्दीत आली की कुर्ली होते. मांस काढून उरतं ते शिंपलं, आणि तिसरीच्या दोन शिंपल्यांपैकी एक टाकून दुसरीला मांस तसंच ठेवून जे कालवण करतात ती एकशिपी. मुंबईला बदली झाल्यावर मी एका खानावळीत एकशिपी मागितली तर वाढप्याने मला काट्याचा मासा आणून दिला.

ही नावं नुसती चवीची नव्हती. नावावरून जागा कळायची, जागेवरून वेळ कळायची आणि वेळेवरून कुणी जायचं ते ठरायचं. तिसऱ्यांना हात आणि पाय पुरतात, कालवांना टोकदार लोखंड लागतं आणि हाताला सवय लागते. आमच्या वाडीत नव्या सुनेला पहिलं वर्ष खडपावर पाठवत नसत. कालवाची कड ब्लेडसारखी असते, आणि ती जखम खाऱ्या पाण्यात लवकर भरत नाही.

वेळेचं गणित तर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरी ऐकलं असेल. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीचा. चतुर्थीला चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रत्नागिरीत मुंबईपेक्षा पाणी थोडं आधी चढतं, तेवढा फरक सोडला तर हिशेब उतरतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी सुकती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत पाणी पुरतं हटतच नाही, मग खालच्या रेतीतल्या मोठ्या तिसऱ्या हाती लागत नाहीत. म्हणून महिन्यातून दोनदा, उधाणाचे चार-पाच दिवस, हेच कामाचे दिवस.

आता याच गणिताला आपल्या शाळेचा हजेरीपट लावून पाहा. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सकाळची सुकती पावणेआठच्या आसपास. तृतीयेला साडेआठ. चतुर्थीला नऊ. सुकतीच्या आधी तासभर उतरायचं, नंतर तासभर राहायचं, माल धुवायचा, घरी टाकायचा आणि साडेदहाची घंटा गाठायची. खाडीकाठच्या मुली महिन्यातून दोन वेळा, दोन-तीन दिवस ओळीने उशिरा यायच्या आणि वर्गाबाहेर उभ्या राहायच्या, त्याचं कारण हे होतं. मुलगे उशिरा येत नसत, कारण मुलगे होडीवर जात आणि होडीवर जायला लागले की शाळेत येतच नसत. आपल्या भूगोलाच्या सरांनी एकदा हा मेळ काढला. फळ्यावर तिथी मांडल्या, शेजारी उशिराच्या नोंदी मांडल्या, आणि हसून म्हणाले, 'पोरींनो, तुमच्यापेक्षा चंद्राला शिक्षा करायला हवी.' त्यानंतर त्यांच्या तासाला तरी उभं राहणं बंद झालं. त्या मुलींपैकी तिघी आठवीत आल्या नाहीत. दहावीच्या आपल्या छायाचित्रात त्या नाहीत, आणि या स्मरणिकेच्या यादीतही त्यांची नावं येणार नाहीत, हे लिहिताना जड जातं.

आता कायदा. खाडीत काय करायचं आणि काय नाही हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडणाऱ्याला चारचौघींत बोलणी बसत. मी चुलत आजीबरोबर जायचो तेव्हा ऐकलेलं वाक्य आहे : 'बारकी टाक रं पान्यात, फुडल्या वर्साला तीच येनार हाय.' पण नियम वाक्यावर अवलंबून नव्हता. तो रोवळीत होता. तांदूळ धुवायची बांबूची रोवळी तुम्हाला आठवत असेल. जुनी झाली, कड सुटली की ती खाडीवर जायची. गोळा केलेल्या तिसऱ्या रोवळीत टाकून पाण्यात घोळायच्या. चिखल जायचा आणि चिखलाबरोबर बोराएवढ्या तिसऱ्याही विणीच्या फटींतून खाली जायच्या. कुणी दया म्हणून सोडत नव्हतं, भांडंच सोडत होतं. पुढे प्लॅस्टिकची घमेली आली, खताची रिकामी गोणी आली. त्यांत धुतलं की चिखल जातो, बारकं मात्र राहतं. माझ्या मते आपल्या खाडीच्या इतिहासातली ही एक मोठी घटना आहे आणि तिची तारीख कुणीच लिहून ठेवलेली नाही.

कालवांचा नियम वेगळा. कालव खडपावरच फोडायचं, मांस वाटीत घ्यायचं आणि दगडाला चिकटलेलं खालचं शिंपलं तिथेच ठेवायचं. दगड उचलून घरी आणायचा नाही. यामागचं शास्त्र मला पुढे मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या आपल्याच एका वर्गमित्राने समजावलं. कालवाचं पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगत असतं, मग एक टणक जागा बघून कायमचं चिकटतं, आणि त्याला सगळ्यात आवडती जागा म्हणजे जुन्या कालवाचं शिंपलं. ते राहिलं तर पुढच्या पिढीला घर राहिलं. शिंपल्यांचा चुना भाजणाऱ्यांना गाडीभर शिंपलं हवं असायचं, तेव्हा वाडीत भांडणं होत ती यावरूनच. किनाऱ्यावर वाहून आलेलं न्या, खडपावरचं नको.

पावसाळ्यात खाडी आपोआप बंद व्हायची. नदीला लोंढा आला की पाणी गोडं होतं, गढूळ होतं, आणि काठावर उभं राहणंही धोक्याचं. त्यावर श्रावणाचं कुलूप. राजिवड्याच्या दालदी मुस्लिम बायकांना श्रावण नव्हता, पण लोंढा त्यांनाही होताच, आणि त्याही नारळी पौर्णिमेच्या आसपासच पुन्हा खाली उतरत. कुठल्या वाडीने कुठवर जायचं याची हद्दही ठरलेली होती, एखादा दगड, एखादा खांब, एखादं तिवराचं झाड. ती हद्द मोडली म्हणून तालुक्याला तक्रार गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. सकाळी पाण्यात जी तोंडातोंडी व्हायची ती संध्याकाळी विकायला बसल्यावर, वाटे लावता लावता मिटायची.

सरकारी कागदात हे सगळं कुठे आहे? १८८० साली निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माशांची स्थानिक नावांसकट नोंद आहे. साहेबाने नावं विचारली हे मोठं काम केलं. १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला, त्यात सुरुंगाने आणि विषाने मासे मारायला बंदी आली आणि व्याख्येत एक छोटं वाक्य आलं, की मासा या शब्दात शिंपलीवर्गीय प्राणीही धरावेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिसरी १८९७ पासून मासा आहे. तिसऱ्या काढणाऱ्या बाईला मात्र मच्छीमार म्हणायला कुणी तयार नव्हतं. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा पाहा. त्याचा सगळा कारभार नौकेभोवती फिरतो : नौकेची नोंदणी, नौकेचा परवाना, जाळ्याचा प्रकार. जून-जुलैची बंदीही यांत्रिक नौकांना. होडीला परवाना मिळतो, पाटीला मिळत नाही. मग कधी पूल होतो, कधी जेटी, कधी गाळ काढतात. नुकसान कुणाचं झालं हे मोजायला माणूस येतो तेव्हा तो नोंदणीची वही उघडतो, आणि त्या वहीत पायी चालत खाडीत उतरणाऱ्या बाईला रकानाच नसतो.

तिसऱ्यांसाठी कागदावर नियम करणं अशक्य आहे असं नाही. केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी कायलात तिसरीच्याच जातीचं शिंपलं मिळतं. १९८० नंतर ते परदेशी जाऊ लागलं, उपसा बेसुमार वाढला, आणि १९९० च्या दशकात उत्पन्न घसरलं. तेव्हा मच्छीमार, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी एकत्र बसले. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पिल्लं धरण्याचा काळ, पूर्ण बंद. जाळ्याचं भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. निर्यातीच्या मालात किलोला १४०० पेक्षा जास्त नग भरता कामा नयेत, म्हणजे बारकं मांस विकायचंच नाही. २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं. मी ते ३० मिलिमीटर वाचलं आणि मला रोवळी आठवली.

आपल्याकडे अभ्यास नव्हता असंही नाही. रत्नागिरीला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ मध्ये सुरू झालं, आपल्या सहली तिथल्या मत्स्यालयात जात. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं. आपल्या खाडीतल्या तिसऱ्यांवर आणि कालवांवर तिथे कितीतरी जणांनी प्रबंध लिहिले. ते इंग्रजीत आहेत आणि त्यांत तिसरीचं लॅटिन नाव आहे. वाडीतल्या कुणाला ते दाखवलं तर ती विचारते, ही कुठली?

अलीकडची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल माझं मन पक्कं होत नाही. राज्यात २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१७ पासून कांदळवनाच्या रक्षणाबरोबर उपजीविका देण्याची योजना आली. गावातल्या बायकांचे गट करायचे, बहुतांश खर्च सरकारने द्यायचा, आणि खाडीत कालवं, काकई, कुर्ल्या वाढवायच्या. सिंधुदुर्गात हे प्रयोग आधीच झाले होते. मी एका गटाचं काम पाहून आलो. बांबूचा तराफा, खाली लोंबणारे दोर. काकईचं बीज म्हणजे नखाएवढी पिल्लं दोराभोवती सुती कापडात गुंडाळतात. चार-आठ दिवसांत कापड कुजून जातं, तोवर पिल्लांनी दोर घट्ट धरलेला असतो. दिवाळीनंतर सोडलेलं बीज पावसाआधी काढावंच लागतं, नाहीतर गोड्या पाण्याने मरतं. म्हणजे लोंढ्याचा जुना नियम इथेही आहे. गटातल्या बायका हिशेबाच्या वह्या दाखवत होत्या, बँकेच्या पुस्तकावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. शंभर वर्षांत पहिल्यांदा खाडीच्या कागदावर बाईचं नाव आलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

पण तराफा जिथे बांधला ती जागा आता गटाची. काल तिथे कुणीही उतरत होतं. गटात दहाजणी, वाडीत साठ. उरलेल्या पन्नासजणींनी कुठे जायचं, हे विचारल्यावर गटप्रमुख बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'भाऊ, त्या पन येतात. आमी काय हाकलत न्हाय. दोराला हात लावायचा न्हाय येवढंच.' जुन्या दगड-खांबाच्या हद्दीसारखी ही नवी हद्द त्यांनी आपापसांत ठरवून टाकली होती. अर्जाच्या नमुन्यात तसं कलम नाही. पुढचा अधिकारी किंवा पुढचा ठेकेदार ते मानेल का, हे मला सांगता येत नाही.

नव्या कामाबरोबर नवे शब्द आले आहेत : बीज, तराफा, माळ, गट, अनुदान. जुन्यांतले काही चालले आहेत. उधाण सगळ्यांना कळतं, कारण ते दूरदर्शनवर सांगतात. भांग म्हटलं की नातवंडं केसांना हात लावतात. म्हणून मी गेल्या पावसाळ्यापासून एका वहीत हे शब्द उतरवतो आहे, नाव, जागा, तिथी, भांडं, कुणाकडून ऐकलं. शंभरावर झाले. वर उल्लेख केलेल्या तिघींपैकी एक अजून वाडीत राहते, आणि वहीतली निम्मी नावं तिने सांगितलेली आहेत. तिचं नाव तिच्या परवानगीने वहीच्या पहिल्या पानावर आहे. संमेलनाला तिला मी बोलावलं आहे. दुपारची सुकती उरकली तर येते म्हणाली.

एक वाद मात्र बाकी आहे. खुबे नेमके कशाला म्हणायचं यावर ती एक सांगते, फणसोपचे आपले मित्र दुसरं सांगतात, आणि गोव्याला स्थायिक झालेल्या आपल्या वर्गभगिनीने दूरध्वनीवर तिसरंच सांगितलं. तिघांनाही आपापले खुबे घेऊन जेवणाआधी यायला सांगितलं आहे.