विहारयात्रा ते धर्मयात्रा : सोपाऱ्याच्या शिळेची गोष्ट

१/ थंडी पडली की शहरातील माणूस सहलीला निघतो. सहल कशासाठी करावी, या प्रश्नाचे एक फार जुने लेखी उत्तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे : ब्राह्मी अक्षरे कोरलेला बेसाल्टचा एक भग्न तुकडा.

२/ अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा हा अंश. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो सोपाऱ्यात, जुन्या बंदरालगतच्या तळ्यापाशी मिळाला. मजकूर त्रोटक आहे. परंतु हाच लेख गिरनार व कालसी येथेही कोरलेला असल्याने त्याचा अर्थ पूर्ण लागतो.

३/ लेखाचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, तेथे मृगया आणि तशाच करमणुकी चालत. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली.

४/ धर्मयात्रेत काय होई? श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व सुवर्णदान, जनपदातील लोकांचे दर्शन आणि त्यांच्याशी धर्मचर्चा. येथे 'दर्शन' हा शब्द महत्त्वाचा. एरवी प्रजा राजाचे दर्शन घेते. येथे खेड्यापाड्यांतील माणसांच्या दर्शनाला राजा निघाला आहे. यातला आनंद इतर सुखांहून मोठा, असेही तो सांगतो. त्याने प्रवासातला आनंद टाकला नाही. तो कशात शोधायचा, एवढेच बदलले.

५/ हे शब्द सोपाऱ्यात का कोरले गेले, हे समजण्यासाठी त्याचे बंदरपण ध्यानात घ्यावे लागते. प्राचीन शूर्पारक ते हेच. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातही या बंदराचा उल्लेख येतो. जिथे दूरदूरची माणसे उतरत, तिथे राजाज्ञा अनेकांच्या कानी जाई.

६/ त्याच १८८२ साली भगवानलालांनी 'बुरुड राजाचा कोट' नावाची टेकाडवजा जागा खणली. आत स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि आठ कांस्यमूर्ती होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. तोही वस्तुसंग्रहालयातच आहे.

७/ अशा रीतीने सोपाऱ्याची अक्षरे शहरात आली आणि जागा गावात उरली. संग्रहालयाने शिळा जपली, हे त्याचे ऋणच. पण तळे, खाडी आणि वस्ती काचेच्या कपाटात मावत नाहीत. नुसती शिळा पाहणाऱ्याला दगड दिसतो, नुसता स्तूप पाहणाऱ्याला विटांचा ढीग.

८/ म्हणून या हिवाळ्यात क्रम असा ठेवावा : सकाळी नालासोपाऱ्याला उतरून स्तूपापर्यंत पायी जावे, वाटेत भेटणाऱ्या जुन्या रहिवाशांशी दोन शब्द बोलावे आणि मग शिळेपुढे उभे राहावे. जनपदातील माणसांना भेटा, असे सांगणारा लेख त्या माणसांना न भेटताच वाचला, तर ती विहारयात्राच ठरते.