कॅपा, लॅम्डा आणि एक गढूळ नळी

भिडे पूल पाण्याखाली गेला की खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला, एवढं पुणेकराला कळतं. पण पूल कोरडा असला, म्हणून धरण रिकामं आहे असं काही तो म्हणत नाही. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात मात्र डॉक्टर दीडशे वर्षं पुलावरच उभे होते. ते लघवी तपासत. रक्तातला साठा त्यांना मोजता येत नव्हता. आज पुण्यातल्या लॅबच्या रिपोर्टवर ‘फ्री लाइट चेन, कॅपा-लॅम्डा रेशो’ अशी ओळ येते, ती त्या साठ्याचा आकडा सांगते.

या ओळीचा मूळपुरुष लंडनचा किराणा दुकानदार, थॉमस मॅकबीन. 1845 मध्ये त्याची हाडं असह्य ठणकत होती. डॉ. विल्यम मॅकिंटायर यांनी त्याची लघवी तापवून पाहिली. आम्ल घातल्यावर ती निवळली, गार होताच घट्ट झाली आणि पुन्हा तापवल्यावर पातळ! अंड्यातला पांढरा बलक एकदा शिजला की परत पातळ होत नाही. हे प्रथिन होत होतं. नमुना सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला. 1846 उजाडता उजाडता मॅकबीन गेला. बेन्स जोन्स यांनी 1847-48 मध्ये या प्रथिनावर लिहिलं आणि पुढे त्याला त्यांचंच नाव पडलं. नळी आधी तापवणाऱ्या मॅकिंटायर यांचा लेख आला 1850 मध्ये. तोवर उशीर झाला होता.

हे प्रथिन नेमकं काय, हे कळायला शतक उलटलं. 1956 मध्ये कॉर्नगोल्ड आणि लिपारी यांनी त्याचे दोन प्रकार वेगळे केले. त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांवरून कॅपा आणि लॅम्डा ही ग्रीक नावं आली. 1962 मध्ये एडलमन आणि गॅली यांनी प्रतिपिंडाच्या हलक्या साखळ्या सुट्या करून तापवल्या. त्याही मॅकबीनच्या लघवीसारख्याच वागल्या. कोडं सुटलं: प्रतिपिंडात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या जोडलेल्या असतात, हे प्रथिन म्हणजे न जोडलेली, मोकळी हलकी साखळी, रिपोर्टवरची ‘फ्री लाइट चेन’.

निरोगी शरीरातही अशा थोड्या साखळ्या उरतात. आकाराने लहान असल्यामुळे मूत्रपिंड त्या काही तासांत गाळतं आणि त्याच्या नलिका त्या पचवून टाकतात. म्हणून लघवीत जवळजवळ काहीच उतरत नाही. मायलोमात एकाच जातीच्या पेशी एकाच साखळीचा लोंढा सोडतात. नलिकांची ताकद संपली की ती लघवीत उतरते, तिथल्या दुसऱ्या एका प्रथिनाशी चिकटून गठ्ठे बनवते आणि नलिका तुंबतात. पूल बुडेपर्यंत धरणाची भिंतच खचू लागलेली असते.

रक्तात मोजण्यातली अडचण वेगळी होती. तिथे जोडलेल्या साखळ्यांचा समुद्र आणि मोकळ्या मूठभर. जोडलेल्या साखळीचा जो भाग झाकलेला असतो, तो मोकळीत उघडा पडतो. नेमका तोच ओळखणारी, मेंढीच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडं बर्मिंगहॅमच्या ब्रॅडवेल यांच्या गटाने वापरली. ती लॅटेक्सच्या सूक्ष्म कणांवर चिकटवलेली असतात. मोकळ्या साखळ्या भेटल्या की कण गोळा होतात, द्रव गढूळ होतो आणि यंत्र तो गढूळपणा प्रकाशाने मोजतं. 2001 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. मॅकिंटायर डोळ्यांनी जे पाहत होते, त्याला आता आकडा मिळाला.

तो आकडाही मूत्रपिंडाला विचारूनच वाचावा लागतो. कॅपा ते लॅम्डा हे गुणोत्तर एरवी 0.26 ते 1.65 असतं. कॅपा बहुधा एकेकटी असते, म्हणून झटपट गाळली जाते. लॅम्डा जोडीने असते, म्हणून रेंगाळते. मूत्रपिंड मंदावलं की दोन्ही साचतात आणि कॅपाची ही आघाडी संपते, गुणोत्तर चढतं. अशा रुग्णांसाठी 2008 मध्ये 0.37 ते 3.1 ही मर्यादा सुचवली गेली. त्यामुळे ज्याचं क्रिएटिनिन चढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं आहे, त्याच्या रिपोर्टवर 2.4 पाहून घरच्यांनी लगेच धास्तावू नये. आधी डॉक्टरांना विचारावं, मर्यादा कोणती धरली?