आठ हत्ती, दोन झुंबरं आणि माझ्या प्रकरणातलं एक वाक्य

गेल्या महिन्यात मावशीकडे जेवणाच्या टेबलावर लटकता दिवा लावायचा होता. पितळी, चांगला जड. इलेक्ट्रिशियनने पीओपीच्या छतावर टिचकी मारली आणि म्हणाला, "ताई, हे नुसतं दिसायला. वजन वरचा स्लॅबच घेणार." मग पीओपीला भोक पाडून त्याने स्लॅबमध्ये अँकर ठोकला, त्याला धरून दोन जोरदार हिसके दिले, आणि मगच दिवा चढवला.

ते हिसके बघताना मला माझे हत्ती आठवले.

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये उभा केला. आराखडा मायकेल फिलोज यांचा. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा त्याचं स्वागत इथेच झालं. दरबार हॉलमध्ये दोन अवाढव्य झुंबरं आहेत, प्रत्येकी साधारण साडेतीन टनांची. एवढं वजन छत पेलेल का, हे बघायला आधी हत्ती वापरले, ही गोष्ट तिथे गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते.

मीही ऐकली, आणि पहिल्या खर्ड्यात बिनधास्त लिहून टाकलं: 'छताची क्षमता हत्तींच्या साहाय्याने तपासण्यात आली.' गाईडनी पेन्सिलने वाक्याभोवती गोल केला आणि शेजारी दोनच शब्द लिहिले: 'कोणी पाहिलं?' खरं सांगते, राग आला होता. सगळ्या प्रकरणात तेच एक वाक्य वाचनीय होतं!

राग उतरल्यावर गोष्टीची वेगवेगळी रूपं शेजारी शेजारी मांडली. कुठे हत्ती आठ, कुठे दहा. कुठे ते छतावर चालवले, तर कुठे चक्क छताला टांगले. आता हा शेवटचा फरक किरकोळ नाही. झुंबराचा सगळा भार एका आकड्यावर येतो. छतावर चालणारा हत्ती चार पायांवर भार वाटतो, शिवाय हलत राहतो. त्याने छत तपासलं जाईल, आकडा नाही. मावशीच्या इलेक्ट्रिशियनने स्लॅबवर उड्या मारल्या नाहीत, अँकरला हिसका दिला. कारण तुटणार ते तिथेच. म्हणजे 'चालवले' आणि 'टांगले' या दोन निरनिराळ्या चाचण्या आहेत, आणि सांगणाऱ्याला त्यातला फरक जाणवत नसेल तर तो चाचणीची नोंद सांगत नाहीये, भव्यता सांगतोय.

हिशोबही करून पाहिला. एक हत्ती तीन टनांचा धरला तर आठांचे चोवीस टन. दोन्ही झुंबरं मिळून सात. तिपटीहून जास्त भार देऊन बघणं मुळीच वेडेपणाचं नाही. त्यामुळे 'अशक्य' म्हणून गोष्ट निकालात काढता येत नाही, हेही लक्षात ठेवा. शक्य असणं आणि घडलेलं असणं यांच्यामधल्या जागेतच आपल्याला काम करायचं असतं.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट हाती लागली. या झुंबरांत अडीचशे बल्ब आहेत असं सांगतात. पण एडिसनचा दिवा १८७९ चा! १८७४-७५ मध्ये टांगलेल्या झुंबरात बल्ब कुठून येणार? म्हणजे तो आकडा नंतरच्या काळातला, विजेसाठी बदल झाल्यावरचा. हत्तींच्या नादात हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. खरं तर माझ्या विषयाच्या दृष्टीने तो कितीतरी मोठा आहे: वीज येण्याआधी इतक्या उंचीवरच्या ज्योती रोज पेटवायच्या आणि विझवायच्या कोणी, झुंबर खाली घ्यायचे की शिडी लावायचे, काच पुसायची कोणी?

हत्तींचं काय झालं? ते भेटले अमेरिकेत. सेंट लुईस शहरात मिसिसिपी नदीवरचा ईड्स पूल जून १८७४ मध्ये तयार होत होता. लोकांना त्या पुलाची भीती वाटत होती. तेव्हा जॉन रॉबिन्सन नावाच्या गृहस्थाने गर्दीसमोर एक हत्ती पुलावरून चालवत नेला. कच्च्या बांधकामावर हत्ती पाय ठेवत नाही अशी समजूत होती. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी बांधकाम करणाऱ्या जेम्स ईड्सने स्वतः चौदा इंजिनं पुलावर नेऊन परीक्षा घेतली. हत्ती लोकांसाठी, इंजिनं अभियंत्यासाठी. वर्षही तेच, १८७४! यावरून ग्वाल्हेरबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे मीच आधी सांगते. पण 'हत्तीने तपासलेलं' म्हणजे 'भरवशाचं' ही भाषा त्या काळात किती दूरवर समजत होती, एवढं मात्र कळतं.

आता ते वाक्य प्रकरणात असं आहे: 'छत हत्तींकरवी तपासल्याची आख्यायिका सांगितली जाते; तिच्या रूपांत हत्तींची संख्या आणि चाचणीची पद्धत बदलते.' पूर्वीपेक्षा बरंच कोरडं. गाईडनी या वेळी गोल केला नाही. पुढच्या पानावर, झुंबर पुसणाऱ्यांबद्दलच्या परिच्छेदाशेजारी मात्र पेन्सिलने लिहिलंय: 'हे वाढव.'