मोटारीसाठी जीपीएस ट्रॅकर निवडताना

मोटारीत बसवला जाणारा जीपीएस ट्रॅकर म्हणजे गाडीचे ठिकाण दूर असलेल्या मालकाला कळवणारे लहानसे यंत्र. गोव्यात त्याची गरज मुख्यत्वे तीन प्रकारच्या वाहनधारकांना भासते. पर्यटकांना गाडी स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देणारे रेंट-अ-कॅब व्यावसायिक हे पहिले. नोकरीनिमित्त आखातात किंवा जहाजावर असल्यामुळे ज्यांची गाडी महिनोन्महिने दारात उभी राहते, असे मालक दुसरे; आणि पगारी चालकाच्या हाती गाडी सोपवणारी कुटुंबे तिसरी. तिघांच्या गरजा वेगळ्या असल्याने तिघांना एकच यंत्र उपयोगी पडेल असे नाही. म्हणून खरेदीपूर्वी, आपल्याला नेमके काय कळायला हवे आणि ते किती तातडीने, हे निश्चित करणे आवश्यक आहे.

यंत्राचे दोन भाग

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संकेत ट्रॅकर ग्रहण करतो आणि किमान चार उपग्रहांच्या साह्याने स्वतःचे स्थान काढतो. अमेरिकेच्या जीपीएसप्रमाणेच रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि भारताची नाविक या प्रणाली आहेत. एकाहून अधिक प्रणालींचे संकेत घेणारे यंत्र डोंगराळ भागात अधिक भरवशाचे ठरते. मात्र उपग्रह केवळ संकेत पाठवतात. गाडी कोठे आहे, हे त्यांना ठाऊक नसते. काढलेले स्थान मालकाच्या मोबाईलपर्यंत पोहोचवण्याचे काम ट्रॅकरमधील सिमकार्ड करते. त्यामुळे मोबाईलचे जाळे नसेल, तर उत्तम जीपीएसही त्या क्षणी मुके होते.

चोर्ला व अनमोड घाटांत, सत्तरी, सांगे आणि काणकोणच्या अंतर्भागात मोबाईलचे जाळे अधूनमधून तुटते. अशा वेळी स्थाननोंदी स्वतःच्या स्मृतीत साठवून जाळे मिळताच पाठवणारे यंत्र घ्यावे. ही सोय नसेल तर प्रवासाचा तेवढा भाग नोंदीतून कायमचा गळतो. केवळ २जीवर चालणारे यंत्र टाळावे. जिओच्या जाळ्यावर ते चालणारच नाही, कारण ते जाळे ४जी आणि ५जी यांवरच उभे आहे. पत्रादेवी, केरी, मोले किंवा पोळे येथून गाडी थोड्याच वेळात परराज्यात जाऊ शकते. म्हणून महाराष्ट्र व कर्नाटकातही सिम चालते का, ते कोणाच्या नावावर आहे आणि त्याचे शुल्क कोण भरणार, हे विक्रेत्याला विचारावे.

जोडणीचे प्रकार

ओबीडी जोडणीत बसणारा ट्रॅकर लावण्यास सर्वांत सोपा. स्टिअरिंगखालील तयार जागेत तो बसतो आणि तार कापावी लागत नाही. परंतु जो सहज बसतो तो सहज काढताही येतो. कुटुंबाच्या गाडीला तो पुरेसा आहे, भाड्याच्या गाडीला नाही. वायरिंगला जोडलेला ट्रॅकर डॅशबोर्डमागे लपवता येतो व इंजिन सुरू झाल्याची सूचनाही देतो. व्यावसायिकांसाठी हाच योग्य. मात्र त्यात स्वतःची राखीव बॅटरी असावी आणि गाडीच्या बॅटरीची तार काढताच सूचना यावी. नवी गाडी असल्यास, वायरिंगला हात लावल्याने वॉरंटीवर काय परिणाम होईल, हे आधी शोरूममध्ये विचारून घ्यावे. तिसरा प्रकार चुंबकाने चिकटणाऱ्या, चार्जिंगच्या ट्रॅकरचा. तो वेळोवेळी चार्ज करावा लागतो. किल्ल्या शोधण्यासाठी मिळणारे ब्लूटूथ टॅग स्वस्त असले, तरी त्यांचे स्थान जवळपासच्या मोबाईलवर अवलंबून असते. निर्जन रस्त्यावर त्यांचा उपयोग होत नाही.

उभ्या गाडीची बॅटरी

वायरिंगला किंवा ओबीडीला जोडलेला ट्रॅकर बंद गाडीतूनही वीज घेतो. ५० मिलिअँपियर वीज घेणारे यंत्र दिवसाला १.२ अँपियर-तास खर्च करते. या हिशेबाने ३५ अँपियर-तासांची बॅटरी महिन्याभरात रिकामी होते; प्रत्यक्षात गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते. हेच प्रमाण १० मिलिअँपियर असेल, तर महिन्याचा खर्च ७.२ अँपियर-तासांवर येतो. जहाजावरील नोकरदाराने विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: गाडी उभी असताना यंत्र किती वीज घेते आणि निद्रावस्थेत जाते का?

पाऊस आणि प्रमाणपत्र

गोव्यातील पावसाळा आणि खारी हवा लक्षात घेता, बॉनेटखाली किंवा बाहेर बसवायचे यंत्र आयपी ६७ दर्जाचे असावे. धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग, असा या दर्जाचा अर्थ आहे.

सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी एआयएस-१४० हे मानक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२५-एच अन्वये, १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या अशा वाहनांत स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा त्यातून वगळल्या आहेत. खासगी मोटारीला ही सक्ती नाही. परवान्यावर चालणाऱ्या वाहनाच्या मालकाने मात्र यंत्र घेण्याआधी परिवहन खात्याकडून खात्री करून घ्यावी. अन्यथा स्वस्त यंत्र घेतल्यानंतर दुसरे प्रमाणित यंत्र घेण्याची वेळ येते.

इंजिन बंद करण्याची सोय

काही ट्रॅकर मोबाईलवरून इंजिन बंद करू देतात. धावत्या गाडीचे इंजिन असे अकस्मात बंद पडले, तर स्टिअरिंग व ब्रेक जड होतात आणि आतील माणसांसह मागून येणाऱ्यांचाही जीव धोक्यात येतो. थांबलेली गाडी पुन्हा सुरू होऊ न देणारी रचना तेवढीच स्वीकारावी.

खरा खर्च

यंत्राची किंमत हा खर्चाचा एक भाग. सिम आणि सेवेचे वार्षिक शुल्क हा दुसरा. समजा, एक यंत्र २,००० रुपयांचे असून त्याचे वार्षिक शुल्क १,५०० रुपये आहे, तर दुसरे ४,००० रुपयांचे असून त्याचे शुल्क ६०० रुपये आहे. पहिले वर्ष दोन्हींत मोफत धरले, तर पाच वर्षांत पहिल्याचा खर्च ८,००० आणि दुसऱ्याचा ६,४०० रुपये होतो. सेवा देणारी कंपनी बंद पडल्यास यंत्र दुसऱ्या सेवेला जोडता येईल का, हेही पाहावे.

पाळत आणि संमती

गाडी मालकाची असली, तरी तिच्यातून फिरणाऱ्या माणसाचे खासगी आयुष्य मालकाचे नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. जामिनावरील आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणारी अट घालता येणार नाही, असा निर्णय न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने ८ जुलै २०२४ रोजी दिला. तो निवाडा शासन आणि आरोपी यांच्या संबंधातला आहे. तरीही सततची पाळत न्यायालये किती गांभीर्याने घेतात, हे त्यातून दिसते. म्हणून चालकाला ट्रॅकरची कल्पना द्यावी, ती शक्यतो लेखी असावी. रेंट-अ-कॅबच्या करारात तसे कलम असावे. ग्राहकाच्या फिरण्याच्या नोंदी गरजेपुरत्याच ठेवाव्यात आणि त्या पाहण्याचा अधिकार एका-दोघांपुरता राखावा. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही आधीच्या मालकाचा ट्रॅकर आत राहिलेला नाही ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

चोरी झाल्यास

ट्रॅकर चोरी रोखत नाही. शोध सोपा करतो, तोही सूचना वेळेत पाहिली गेली तरच. परदेशी असलेल्या मालकाने गावातील एका विश्वासू व्यक्तीच्या मोबाईलवरही सूचना येतील अशी व्यवस्था करावी. नोंदणी प्रमाणपत्र व विम्याची प्रत तिच्याकडे ठेवावी. गाडी हलल्याचे कळताच ११२ वर संपर्क साधून थेट स्थान पोलिसांना द्यावे. नकाशावरचा ठिपका पाहत स्वतः पाठलाग करणे धोक्याचे आहे. बसवल्यानंतर दर महिन्याला एकदा, गाडी नेमकी जेथे उभी आहे तेच स्थान मोबाईलवर दिसते का आणि सेवेची मुदत संपलेली नाही ना, याची पडताळणी करावी.