राष्ट्राध्यक्षाची फेरनिवड (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

अमेरिकेचा पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडणुकीला उभा राहिला, तर तो जिंकण्याचा संभव किती? इतिहासातून मिळणारे ढोबळ उत्तर ‘तीनांत दोन’ असे आहे. १७८८-८९ ची पहिली निवडणूक धरून २०२४ पर्यंत अध्यक्षपदाच्या ६० निवडणुका झाल्या. त्यांपैकी ३३ वेळा विद्यमान अध्यक्ष रिंगणात होता. २२ वेळा तो जिंकला आणि ११ वेळा हरला. अध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे उपाध्यक्षपदावरून वर आलेले अध्यक्षही या मोजणीत धरले आहेत.

हे प्रमाण वाटते तितके भरवशाचे नाही. ज्यांना पराभव समोर दिसत होता, असे अनेक अध्यक्ष मतदानाच्या दिवसापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यामुळे ते या हिशेबात येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात जॉन टायलर, मिलर्ड फिलमोर, फ्रँकलिन पिअर्स, अँड्र्यू जॉन्सन आणि चेस्टर आर्थर यांना पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. यांपैकी पिअर्स तेवढे स्वतः निवडून आलेले अध्यक्ष होते. बाकीचे उपाध्यक्षपदावरून आलेले. पुढे १९५२ मध्ये हॅरी ट्रुमन, १९६८ मध्ये लिंडन जॉन्सन आणि २०२४ मध्ये जो बायडेन यांनी माघार घेतली. ही नावे पराभूतांच्या बाजूला मांडली, तर पदाचे वजन बरेच हलके होते. म्हणून ‘पदावरचा माणूस सहसा जिंकतो’ हे विधान करताना तो कोणत्या परिस्थितीत जिंकतो, हे सांगणे आवश्यक ठरते.

घटनात्मक चौकट. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची असते. मूळ घटनेत फेरनिवडीवर मर्यादा नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ मध्ये तिसऱ्या मुदतीस नकार दिला आणि तो पायंडा जवळजवळ दीडशे वर्षे पाळला गेला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९४० आणि १९४४ च्या निवडणुका जिंकून तो मोडला. त्यानंतर १९५१ मध्ये संमत झालेल्या २२व्या घटनादुरुस्तीने कोणाही व्यक्तीस दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येण्यास मनाई केली. दुसऱ्याच्या मुदतीतील दोन वर्षांहून अधिक काळ ज्याने अध्यक्षपद भूषवले असेल, त्याला एकदाच निवडून येता येते.

याहून महत्त्वाची गोष्ट तारखेची. १८४५ च्या कायद्यापासून मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. अनुकूल वारे पाहून मुदतपूर्व निवडणुका घेण्याची जी सोय भारतासारख्या संसदीय लोकशाहीत सत्ताधाऱ्यांना असते, ती अमेरिकी अध्यक्षाला नाही. लोकप्रियता दीड वर्ष आधी शिखरावर गेली, तर ती वाया जाते. जॉर्ज बुश (थोरले) यांच्या वाट्याला नेमके हेच आले.

सत्तेचा कालावधी. फेरनिवडीच्या संभवाचा सर्वांत उपयुक्त आणि तरी सर्वांत कमी चर्चिला जाणारा निकष म्हणजे अध्यक्षाचा पक्ष व्हाइट हाउसमध्ये किती काळ आहे. १९०० ते २०२० या काळात विद्यमान अध्यक्षाने २१ वेळा निवडणूक लढवली. त्यांपैकी १३ वेळा त्याच्या पक्षाची सत्तेतील ती पहिलीच मुदत होती. या तेरांत ११ विजय आहेत आणि पराभव फक्त दोन : १९८० मध्ये जिमी कार्टर आणि २०२० मध्ये डॉनल्ड ट्रम्प. उरलेल्या आठ वेळा पक्ष आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ सत्तेत होता. तेथे हिशेब चार विजय, चार पराभव असा बरोबरीचा आहे. १९१२ मध्ये विल्यम टाफ्ट, १९३२ मध्ये हर्बर्ट हूव्हर, १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड आणि १९९२ मध्ये बुश हरले, तेव्हा रिपब्लिकन पक्षाची सत्ता अनुक्रमे १६, १२, ८ आणि १२ वर्षे झालेली होती. एका मुदतीनंतर मतदार अध्यक्षाला आणखी संधी देतो. तीन मुदतींनंतर तोच मतदार बदल मागतो. प्रस्थापितांविषयीची नाराजी व्यक्तीपेक्षा पक्षाच्या वास्तव्यावर साचत जाते, असे या आकड्यांवरून मानावे लागते.

पक्षातील फूट. हरणाऱ्या अध्यक्षाला बहुधा आधी घरच्याच माणसाने घेरलेले असते. १९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्याच वारसदाराविरुद्ध प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उभे राहिले. रिपब्लिकन मते दुभंगली आणि टाफ्ट यांना अवघी आठ निर्वाचक मते मिळाली. पदावरील अध्यक्ष तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेल्याचे हे एकमेव उदाहरण. १९७६ मध्ये रॉनल्ड रेगन यांनी फोर्ड यांना कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत झुंजवले. फोर्ड यांना उमेदवारी ११८७ विरुद्ध १०७० अशी काठावर मिळाली. १९८० मध्ये सेनेटर एडवर्ड केनेडी कार्टर यांच्याविरुद्ध उतरले आणि न्यू यॉर्कसारखे मोठे राज्य जिंकले. जॉन्सन यांच्याबाबतीत तर विजयही पराभवासारखा ठरला. मार्च १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना सुमारे ४९ टक्के आणि व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या यूजीन मकार्थी यांना सुमारे ४२ टक्के मते पडली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मार्चला, जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून माघार जाहीर केली.

या नियमाला छेद देणारे मोठे उदाहरण १९४८ चे आहे. ट्रुमन यांचा डेमोक्रॅटिक पक्ष दोन बाजूंनी फुटला होता. नागरी हक्कांच्या प्रश्नावरून दक्षिणेतले नेते स्ट्रॉम थर्मंड यांच्यामागे गेले होते, तर डाव्या बाजूला माजी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांनी वेगळी चूल मांडली होती. पक्षाची सत्ता सलग १६ वर्षांची झाली होती. मतचाचण्या रिपब्लिकन टॉमस ड्यूई यांच्या बाजूने इतक्या ठाम होत्या की चाचण्या घेणाऱ्यांनी मतदानाच्या बरेच दिवस आधीच काम आटोपते घेतले. ट्रुमन यांनी मात्र आगगाडीने देश पिंजून काढला. रिपब्लिकनांच्या ताब्यातल्या काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावून त्यांनी तिला कोंडीत पकडले आणि तिच्या निष्क्रियतेलाच प्रचाराचा मुद्दा बनवले. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने ड्यूई यांच्या विजयाचा मथळा छापला, निकाल ट्रुमन ३०३, ड्यूई १८९, थर्मंड ३९ असा लागला. या विषयातील प्रत्येक नियमाशेजारी हा निकाल ठेवून पाहावा, इतके त्याचे मोल आहे. प्रचाराने काही बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांना तो आजही उत्तर देतो.

अर्थव्यवस्था. निवडणुकीच्या वर्षातील अर्थस्थिती निर्णायक असते, हे सर्वमान्य आहे. नेमकी कोणती अर्थस्थिती, यावर मात्र घोटाळा होतो. बेरोजगारीचा नुसता आकडा फसवा असतो. १९८०, १९८४, १९९२ आणि २०१२ या चारही वर्षांत मतदानाच्या सुमारास बेरोजगारी ७ टक्क्यांहून अधिक होती. कार्टर आणि बुश हरले, रेगन आणि बराक ओबामा जिंकले. रेगन यांच्या काळात ती १९८२ च्या अखेरीस १०.८ टक्क्यांपर्यंत चढून मग उतरत आली होती. ओबामांच्या काळात ती २००९ मध्ये १० टक्क्यांवर जाऊन खाली सरकली होती, आणि मंदी त्यांना वारशाने मिळाल्याचे मतदारांच्या लक्षात होते. कार्टर यांच्याकडे उलट चित्र होते : मधल्या काळात कमी झालेली बेरोजगारी पुन्हा वर गेली, १९८० मध्ये महागाईचा वार्षिक दर १३.५ टक्के होता आणि कर्जावरचे व्याज मध्यमवर्गाला घर घेऊ देत नव्हते. त्यात तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस अडकलेले. त्यांना पकडल्याला ज्या दिवशी वर्ष पूर्ण झाले, त्याच ४ नोव्हेंबर १९८० ला मतदान झाले. रेगन ४८९, कार्टर ४९.

बुश यांची कथा अधिक शिकवणारी आहे. आखाती युद्ध संपले तेव्हा, १९९१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गॅलपच्या पाहणीत ८९ टक्के लोक त्यांच्या कामावर समाधानी होते. डेमोक्रॅटिक पक्षातल्या काही मातब्बरांनी तर १९९२ ची लढत सोडूनच दिली. ज्या मंदीने पुढे बुश यांचा घात केला, ती तांत्रिक अर्थाने मार्च १९९१ मध्येच संपली होती. पण नोकऱ्या परतल्या नाहीत. उलट जून १९९२ मध्ये बेरोजगारी ७.८ टक्क्यांपर्यंत गेली. नवे कर न लावण्याचे १९८८ चे जाहीर वचन बुश यांनी १९९० च्या अंदाजपत्रकी तडजोडीत मोडले होते. त्याचा राग धरून पॅट ब्यूकॅनन यांनी न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध ३७ टक्के मते घेतली. त्यानंतर टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो अपक्ष म्हणून आले आणि त्यांनी १८.९ टक्के मते मिळवली. बिल क्लिंटन ४३ टक्के मतांवर ३७० निर्वाचक मते घेऊन जिंकले. बुश यांना १६८ मिळाली. मंदी कधी संपली याची अधिकृत घोषणा करणाऱ्या संस्थेने तिचा शेवट मार्च १९९१ मध्ये झाल्याचे जाहीर केले, ते डिसेंबर १९९२ मध्ये. तोवर मतमोजणी होऊन महिना उलटला होता. अर्थव्यवस्था सुधारणे आणि सुधारणा घराघरांत जाणवणे यांत अंतर असते, आणि अध्यक्षाचे भवितव्य त्या अंतरात ठरते.

पसंतीचा टक्का आणि पदाची साधने. अध्यक्षाच्या कामाला किती टक्के लोकांची पसंती आहे, हा गॅलपचा प्रश्न १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून विचारला जातो. पन्नाशीच्या वर असलेला अध्यक्ष सहसा सुरक्षित असतो. चाळिशीच्या आसपास रेंगाळणारा सहसा जातो. मधला पट्टा अनिश्चित. धाकटे बुश २००४ मध्ये पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे होते आणि थोडक्यात तरले. मात्र हा टक्का निवडणुकीच्या वर्षातला पाहावा. कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुकीवरून अध्यक्षाचे भाकीत करणे व्यर्थ आहे. १९८२ मध्ये रेगन यांच्या, १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या आणि २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने मार खाल्ला. तिघेही दोन वर्षांनी आरामात निवडून आले.

पदाची साधने मोठी असतात. अध्यक्षाच्या प्रत्येक हालचालीला प्रसिद्धी मिळते, आपत्तीच्या वेळी मदत त्याच्या सहीने निघते, आणि पक्षात आव्हान नसेल तर विरोधक आपसांत लढत असताना त्याला प्रचारयंत्रणा उभारायला वर्षभर मिळते. १९७२ मध्ये सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ झाली आणि वाढीव धनादेश निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, वृद्धांच्या हाती पडले. रिचर्ड निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली, त्याला इतरही कारणे होती. तरी ही वेळ योगायोगाची मानता येत नाही.

राज्यांचे गणित. निकाल देशभरच्या मतांवर लागत नाही. ५३८ पैकी २७० निर्वाचक मते लागतात, आणि मेन व नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्य आपली सर्व मते पहिल्या आलेल्या उमेदवाराला देते. १८८८ मध्ये ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना देशात अधिक मते मिळूनही ते हरले. चार वर्षांनी ते परत आले. १९१६ मध्ये वुड्रो विल्सन कॅलिफोर्नियातल्या चार हजारांहूनही कमी मतांच्या आघाडीवर वाचले. २०२० मध्ये ट्रम्प देशभरात ७० लाखांहून अधिक मतांनी मागे होते. तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील बायडेन यांची एकत्रित आघाडी ४४ हजारांच्या आत होती. ती तिन्ही राज्ये फिरली असती, तर निर्वाचक मते २६९-२६९ अशी समसमान होऊन निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला असता. म्हणून राष्ट्रीय चाचण्यांवरून विद्यमान अध्यक्ष बुडाला किंवा तरला असे सांगणे धाडसाचे असते.

भाकिते. येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ रे फेअर यांनी १९७८ पासून अर्थव्यवस्थेच्या आकड्यांवर समीकरण बांधले. राज्यशास्त्रज्ञ ॲलन अब्रामोविट्झ यांनी वाढीचा दर आणि पसंतीचा टक्का यांच्या जोडीला पक्षाच्या सत्ताकालाची बाब घेतली. इतिहासकार ॲलन लिक्टमन यांच्या तेरा कसोट्या बराच काळ बरोबर ठरत आल्या. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस जिंकतील हे त्यांचे भाकीत चुकले. सर्वांची अडचण एकच : उदाहरणे फार थोडी. ३३ निवडणुका, त्याही सव्वादोनशे वर्षांवर पसरलेल्या. १९२० पूर्वी देशभर स्त्रियांना मत नव्हते आणि १९६५ पर्यंत दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांना ते वापरता येत नव्हते. त्या मतदारांवर बसवलेले सूत्र आजच्या मतदाराला लावताना जपून राहावे लागते. ‘बेरोजगारी ७.२ टक्क्यांहून अधिक असताना दुसऱ्या महायुद्धानंतर कोणीही फेरनिवडून आला नाही’ हे विधान २०१२ च्या प्रचारात सतत ऐकू येई. ओबामांनी ते त्याच वर्षी निकालात काढले.

अलीकडे या संभवाचा पायाच हलला आहे. २०१६, २०२० आणि २०२४ या तीन सलग निवडणुकांत सत्तेवरचा पक्ष हरला, आणि त्यांत विद्यमान अध्यक्ष स्वतः उभा असलेली एक, तर उभा राहून मध्येच बाजूला झालेली दुसरी निवडणूक आहे. २७ जून २०२४ च्या वादसभेनंतर बायडेन यांच्यावर स्वपक्षातून दबाव वाढला आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. महागाईचा दर तोपर्यंत उतरला होता. किमती उतरल्या नव्हत्या. ट्रम्प २०१६ आणि २०२४ असे दोनदा निवडून आलेले असल्याने २२व्या घटनादुरुस्तीनुसार त्यांची आणखी निवड होऊ शकत नाही. त्यामुळे मधल्या काळात उपाध्यक्षाकडे पद गेले नाही, तर विद्यमान अध्यक्षाच्या फेरनिवडीचा प्रश्न २०३२ पूर्वी उद्भवणार नाही.