कोंबडी खुडूक बसली, आता काय करायचं?

वडवणी आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर अजूनही पुष्कळ घरांच्या अंगणात पाच-दहा गावरान कोंबड्या असतात. अंड्यांचे पैसे बहुधा घरातल्या बाईच्याच हातात राहतात. त्यामुळे एखादी कोंबडी खुडूक बसली की प्रश्न पडतो, पिल्लं काढायची की तिला उठवायचं? आपल्या घरच्या बोलीत हीच 'कुडक मुर्गी'. या विषयाची उपयोगी माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

ओळखायचं कसं?
खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते, दिवस-रात्र जागेवर बसून राहते. हात लावला की पिसं फुलवते, टोचते, 'खुड् खुड्' करते. हा आजार नाही. शरीरातल्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे तिला उबवण्याची ओढ लागते. गावरान कोंबडीत हे जास्त दिसतं. वनराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत.

पिल्लं काढायची असतील तर
कळपात कोंबडा हवा, नाहीतर अंडी फळत नाहीत. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, तडा नसलेली 10 ते 12 अंडी घ्या. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या आतलीच घ्या. अंडी धुऊ नका.

टोपलीत कोरडा भुसा घालून ती अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवा. मांजर, मुंगूस, उंदीर पोचणार नाहीत हे बघा. आधी कोंबडीच्या पंखांखाली उवा आहेत का तपासा. उवांनी हैराण झालेली कोंबडी मधेच उठून जाते. अंड्यांवर पेन्सिलने खूण करा, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मधे घातलेलं अंडं ओळखून काढता येईल. कोंबडीला रात्री बसवा.

रोज एकदा 15-20 मिनिटं तिला उठवून दाणा-पाणी द्या. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडी बघा. लाल शिरा दिसल्या तर अंडं फळलंय. आरपार स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका. अठराव्या दिवसानंतर अंडी हलवू नका. साधारण 21 व्या दिवशी पिल्लं निघतात. कवच ओढून पिल्लू बाहेर काढायची घाई करू नका, रक्तस्राव होऊन ते दगावू शकतं.

हंगाम बघा
आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अंडी लवकर खराब होतात आणि कमी फळतात. दिवाळीनंतरचा थंड काळ चांगला. पण घर ऊसतोडीला जाणार असेल तर मागे राहणाऱ्या आजीला किंवा शेजारणीला विचारूनच कोंबडी बसवा. पिल्लांना पहिले काही आठवडे रोज बघणारं माणूस लागतं.

पिल्लं नको असतील तर
खालची अंडी रोज काढून घ्या. जाळीच्या किंवा कामट्यांच्या तळाचा खुराडा विटांवर उचलून ठेवा, म्हणजे पोटाखालून हवा खेळेल. त्यात तिला तीन-चार दिवस ठेवा. आत भुसा किंवा गवत नको, पण उजेड, दाणा आणि पाणी भरपूर हवं. बसायची ओढ मोडली की साधारण दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते.

पाण्यात बुडवणं, नाकातून पीस ओवणं, उपाशी कोंडणं हे जुने प्रकार मात्र बंद करा. त्याने कोंबडी खचते, आजारी पडते. शिवाय मुक्या जिवाला त्रास देणं आपल्या दीनमध्येही मना आहे. पिल्लं उचलल्यामुळे तडफडणाऱ्या पक्षिणीची पिल्लं परत ठेवायला नबी करीम (स.) यांनी सांगितल्याचं हदीसमध्ये येतं.

लस विसरू नका
मेहनतीने काढलेली पिल्लं मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगात, एका झटक्यात जातात. पहिल्या आठवड्यात लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. पुढच्या लसींचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात आणि एकदा कालवलेली लस काही तासांतच संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी लसीकरण केलं तर खर्च वाटला जातो आणि सगळ्यांचीच पिल्लं वाचतात.