उदगीरचा फॉर्म्युला पानिपतावर का चालला नाही?

एखाद्याने अमुक केलं आणि जिंकला. मग मीही तेच केलं तर का नाही जिंकणार? हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. पण मराठी इतिहासात त्याची फार मोठी किंमत मोजून झाली आहे, आणि ती गोष्ट मी कामणपासून सुरू करणार आहे.

वसई-दिवा मार्गावरचं कामण रोड स्टेशन माहीत असेल. वर कामणदुर्ग, आणि खालचा रस्ता भिवंडीकडे अंजूरफाट्याला जातो. याच अंजूरचे गंगाजी नाईक. पोर्तुगीजांना इथून काढा म्हणून पेशव्यांच्या मागे लागलेल्यांत ते आघाडीवर होते. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे दुसरे. खाडीला भरती कधी, होड्या कुठे मिळतील, कोण आपल्या बाजूचं, हे सगळं या माणसांना घरबसल्या ठाऊक. १७३७ मध्ये ठाणं पडलं, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. आपल्याला सुरुंग आणि उडालेले बुरूज आठवतात. पण त्याआधीची दोन वर्षं आणि ही स्थानिक माणसं? ती कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

आता चिमाजींचा मुलगा, सदाशिवरावभाऊ. ३ फेब्रुवारी १७६०, उदगीर. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी आता भाऊंकडे होता. त्याच्या तोफा आणि कवायती पायदळ निजामावर तुटून पडलं, निजाम शरण आला आणि मोठा मुलूख पदरात पडला. भाऊंचं वय तेव्हा जेमतेम तिशीच्या आतबाहेर. त्यांचा तोफांवर विश्वास बसला, यात नवल काय?

पण उदगीरला नेमकं झालं काय होतं, ते बघा. निजामाची फौज तोफा मध्ये घेऊन धारूरकडे सरकत होती. मराठी घोडदळाने तिला चहूबाजूंनी घेरलं, रसद तोडली. मुलूख ओळखीचा, पाठीमागे पुणं. म्हणजे तोफा होत्याच, पण निजामाला कोंडलं ते घोडदळाने.

उत्तरेत जाताना भाऊंनी तोफा नेल्या, गारदी नेले. मल्हारराव होळकर आणि सुरजमल जाट यांनी सुचवलं होतं की जड सामान आणि बायकामुलं मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा. ते ऐकलं गेलं नाही. मी इथे भाऊंना मूर्ख ठरवणार नाही. काही महिन्यांपूर्वी जे डोळ्यांदेखत चाललं, ते सोडून म्हाताऱ्या सरदाराचं ऐकायला किती जण तयार होतील?

ऑक्टोबर १७६० अखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दक्षिणेची वाट बंद झाली. मराठे पानिपतावर खंदक खोदून बसले. पुणं सुमारे दीड हजार किलोमीटर दूर. अब्दालीला मात्र दुआबातले रोहिले धान्य पुरवत होते. ते तोडायला गेलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले, आणि मग छावणीत उपासमार.

मला सगळ्यात चटका लावते ती गोष्ट ही. उदगीरला तोफा मध्ये घेऊन, घेरला जाऊन, रसदीवाचून अडकलेला होता निजाम. पानिपतावर त्या जागी भाऊ होते! त्यांनी सोबत नेल्या उदगीरच्या तोफा, आणि वाट्याला आली निजामाची अवस्था.

१४ जानेवारी १७६१ ला फौज गोल करून बाहेर पडली. हा गोल टिकवायचा तर घोडदळाने गारद्यांच्या मागे थांबायला हवं होतं. थांबणं हा मराठी घोडेस्वाराचा स्वभावच नव्हे. विंचूरकर आणि गायकवाड पुढे धावले आणि गारद्यांच्या तोफांना आपलीच माणसं आड आली, असं सांगितलं जातं.

त्याआधी सकाळी मात्र इब्राहिमखानाच्या माणसांनी रोहिल्यांची अक्षरशः कत्तल केली होती. तोफा उदगीरला चालल्या तशाच इथेही चालल्या. इब्राहिमखान पकडला गेला, मारला गेला. त्याने बाजू बदलली नाही.

गंगाजी नाइकांवर पुढच्या भागात सविस्तर बोलू. भेटूया!